चामड्याचा चेंडू हातात आल्यावर

दर गुरुवारी दुपारी ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एका वाचनालयात आम्ही जुन्या फुटबॉलच्या गप्पा मारायला बसतो. येणारी आठ-दहा माणसं, बहुतेक सत्तरी ओलांडलेली, आणि बहुतेकांना डिमेन्शिया. कुणाचं निदान नुकतंच झालंय, कुणाला आता बायकोचं नावही पटकन आठवत नाही. सोबत कुणाची बायको असते, कुणाची मुलगी, कुणाला वृद्धाश्रमातली मदतनीस घेऊन येते. चहा-बिस्किटं होतात आणि मग टेबलावर जुन्या सामन्यांचे फोटो मांडले जातात. उपक्रमाचं नाव फुटबॉल मेमरीज. अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि हॅम्पडेन पार्क या इथल्या मोठ्या स्टेडियममधलं स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय यांनी मिळून तो २००९ साली सुरू केला. आता स्कॉटलंडभर असे गट आहेत. मी त्यातल्या एका गटाची स्वयंसेवक. कोल्हापूरच्या मैत्रिणी फोनवर नेहमी विचारतात, ‘तू तिथं नेमकं करतेस तरी काय?’ म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी यात आले ती शेजारच्या आजोबांमुळे. इथे लहान-मोठे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही त्यांना तशीच मारते. पण त्यांचं नाव इथे लिहायचं नाही, म्हणून आजोबाच म्हणते. क्लाइड नदीकाठच्या जहाजांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. फिटर होते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा कुंपणापलीकडून माझ्याशी तास तास बोलायचे. मग हळूहळू बोलणं आटत गेलं. आजी शनिवारी टीव्हीवर सामना लावून द्यायच्या, पण दहा मिनिटांत आजोबांची नजर खिडकीकडे वळायची. चालू सामना समजायला आत्ता किती गोल झाले, कोणता संघ कोणत्या बाजूला खेळतोय, हे डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच त्यांना जमेनासं झालं होतं. दवाखान्यात आजींना या गटाचं पत्रक मिळालं. त्यांना गाडी चालवता येत नाही. मला म्हणाल्या, ‘नेशील का आम्हाला?’ नेलं, आणि मीही तिथे बसले.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे संघ समोरासमोर आले की आदल्या रात्रीपासून पेठांमध्ये काय वातावरण असतं ते बघत मोठी झाले. वडील दिलबहारचे कट्टर. संघ हरला तर घरात त्या रात्री कुणी मोठ्याने बोलायचं नाही. त्यामुळे ग्लासगोचे दोन मोठे क्लब, हिरवा सेल्टिक आणि निळा रेंजर्स, म्हणजे काय, एकाच शहरातली माणसं निळा आणि हिरवा अशी आयुष्यभर का वाटली जातात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. स्कॉटिश फुटबॉलचा इतिहास मात्र मुळापासून शिकावा लागला, आणि तो शिकताना जो आनंद मिळाला तो मी कुणाला सांगून संपणार नाही.

स्वयंसेवक व्हायचं तर आधी अर्ज, मग ओळखीतल्या दोघांची शिफारस, मग पीव्हीजी तपासणी. आजारी किंवा दुबळ्या माणसांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी इथे सरकार तपासतं, त्याला हे नाव. त्यात काही आठवडे जातात. त्यानंतर प्रशिक्षण. फुटबॉलबद्दल फार काही शिकवतील अशा तयारीने मी गेले होते, पण त्यातला बराचसा वेळ बसायचं कसं, थांबायचं कसं, विचारायचं कसं यावर होता.

त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘आठवतंय का तुम्हाला?’ हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही. आपण घरात तो दिवसातून दहा वेळा विचारतो. मी कोण, ओळखलंस का? काल कोण आलं होतं, सांग बरं? ज्याची आठवण ढासळतेय त्याच्यासाठी ती परीक्षा असते, आणि नापास व्हायच्या भीतीने माणूस गप्प होतो. त्याऐवजी फोटो पुढे ठेवायचा आणि आपणच काहीतरी म्हणायचं. ‘काय चिखल झालाय बघा मैदानावर.’ ‘या गोलकीपरने हातमोजे घातलेलेच नाहीत.’ आणि मग थांबायचं. खरंखुरं थांबायचं. उत्तर यायला कधी कधी पूर्ण मिनिट लागतं, आणि तेवढ्या वेळात शेजारच्याने मदत म्हणून तोंड घातलं की आलेला शब्द परत आत जातो.

दुसरी गोष्ट जन्मसालाची. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात उशिरापर्यंत आठवतं, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून नवा माणूस आला की घरच्यांकडून एक पान भरून घेतो: जन्मसाल, संघ, पहिल्यांदा मैदानावर कुणी नेलं, कोणत्या बाजूला उभे राहायचे, काम काय करायचे. १९४४ साली जन्मलेल्या माणसासाठी १९५४ ते १९७४ या काळातलं सामान काढायचं. कितीही गाजलेला असला तरी १९९०चा सामना त्याच्यापुढे ठेवून उपयोग नाही.

सामान म्हणजे आमची पेटी. त्यात मोठ्या आकाराची कार्डं आहेत, पुढे फोटो आणि मागे माहिती. कागद चकचकीत नको, कारण दिव्याचा उजेड पडला की म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही. जुन्या कार्यक्रमपत्रिकांच्या प्रती आहेत. अस्सल वस्तू संग्रहालयात काचेमागे असतात, आणि आम्हाला तर हाताळायच्या असतात. हाताने विणलेले मफलर आहेत. लाकडी खुळखुळा आहे, मुठीत धरून गरागरा फिरवायचा, कानठळ्या बसतात असा; तो काढताना ज्यांच्या कानात यंत्र आहे त्यांना आधी सांगावं लागतं. खिळ्यांनी ठोकलेल्या चामडी स्टड्सचे, घोट्यापर्यंत येणारे बूट आहेत. बुटांना लावायच्या डबिन नावाच्या चरबीचा डबा आहे. आणि विंटरग्रीन तेलाची बाटली आहे, जी सामन्याआधी खेळाडूंच्या पोटऱ्यांना चोळत. झाकण उघडलं की वास थेट आपल्याकडच्या मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमाचा. मी पहिल्यांदा तो घेतला तेव्हा मला माझ्या भावाचे सुजलेले घोटे आठवले.

पण पेटीतली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे चेंडू. तपकिरी चामड्याच्या पट्ट्यांचा, आत रबरी फुगा, आणि तोंडाशी बुटासारखी आवळलेली चामडी नाडी. आमच्या गटात एक गृहस्थ आहेत, ते ‘ज्युनिअर’ फुटबॉल खेळलेले. स्कॉटलंडमध्ये ज्युनिअर म्हणजे पोरांचं फुटबॉल नव्हे. दिवसा खाणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्या दणकट माणसांचं ते अर्धव्यावसायिक फुटबॉल. पहिले काही आठवडे हे गृहस्थ कोट न काढता दारापाशी बसायचे. कार्डं पुढे केली की हाताने बाजूला सारायचे. एका गुरुवारी मी काही न बोलता चेंडू त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी अंगठा नाडीवरून फिरवला, एका टोकाकडून दुसरीकडे, मग गाठीपाशी थांबून नख आत घालून ओढून बघितलं. गाठ सैल होती. त्यांनी नाडी सोडवली, पुन्हा ओवली, दोन्ही टोकं चामड्याखाली दडपली आणि तळहाताने दाबून सपाट केली. हे सगळं अगदी सफाईने, हात जराही थरथरला नाही. मग म्हणाले, ‘अशी बांधायची. वर राहिली तर कपाळ फाडते.’ आणि कपाळावरची, भुवईच्या वरची एक जुनी खूण दाखवली. त्यांची मुलगी शेजारीच होती. त्या खुणेची गोष्ट तिनेही कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर ते बोलू लागले ते ब्लेझच्या मैदानांबद्दल. कोळशाच्या खाणींतून निघणारा दगडी गाळ भाजून, ठेचून पसरलेली लालसर मैदानं. ग्लासगोत जिकडेतिकडे होती. पडलात की गुडघ्यात बारीक खडे रुतायचे आणि आईला रात्री ब्रशने घासून काढावे लागायचे. हे म्हणताच टेबलाभोवतीच्या जवळजवळ प्रत्येकाने आपला गुडघा चोळला.

त्या चेंडूबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. नियमाप्रमाणे कोरड्या चेंडूचं वजन तेव्हाही साधारण ४१० ते ४५० ग्रॅम होतं आणि आजही तेवढंच आहे. फरक एवढाच की जुनं चामडं पाणी प्यायचं. स्कॉटलंडच्या पावसात अर्ध्या तासात तो दगड व्हायचा, आणि हीच माणसं तो डोक्याने मारायची. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी सामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. सेल्टिकचा १९६७चा कर्णधार बिली मॅकनील, ज्याचे डोक्याने मारलेले गोल अजून सांगितले जातात, त्यालाही डिमेन्शिया झाला आणि २०१९च्या एप्रिलमध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी इथल्या फुटबॉल संघटनेने बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडिंग करायला मनाई केली. मला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं. त्या चेंडूवर माझं प्रेम आहे, पण तो हातात घेते तेव्हा हेही माझ्या मनात असतं.

गप्पांना ठरावीक क्रम नसतो. एका कार्डाने सुरुवात होते आणि मग ती कुठेही जाते. १५ एप्रिल १९६७चं वेम्बली हे हमखास चालणारं कार्ड. आदल्या वर्षीचा जगज्जेता इंग्लंड, आणि स्कॉटलंडने त्यांना त्यांच्याच घरात ३-२ हरवलं. जिम बॅक्स्टर चालू सामन्यात चेंडू पायावर उडवत, खेळवत चाललाय, तो फोटो दिसला की टेबलाखाली पाय हलू लागतात. एक आजोबा चाकाच्या खुर्चीत असतात, त्यांचीही चप्पल नाचते. मग लॉ, लेनॉक्स, मॅककॅलिओग ही गोल करणाऱ्यांची नावं कुणीतरी म्हणतो, कुणीतरी सांगतो की गोलकीपर रॉनी सिम्प्सनचा तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना होता, वय छत्तीस. आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, २५ मेला, लिस्बनमध्ये हाच सिम्प्सन सेल्टिकच्या गोलमध्ये उभा होता. इंटर मिलानला २-१ हरवून ब्रिटनमधल्या क्लबने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला, आणि संघातले अकराच्या अकरा सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. रेंजर्सवाले हे ऐकून घेतात आणि मग १९७२चं बार्सिलोना काढतात, कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात डायनॅमो मॉस्कोला ३-२. दोन्ही बाजूंना आपापलं मिळालं की चहा पुन्हा भरला जातो.

युरोपियन कपच्या १९६०च्या अंतिम सामन्याला मात्र सगळे एक होतात. १८ मे, हॅम्पडेन, रिआल माद्रिद ७, आइनट्राख्ट फ्रँकफर्ट ३. पुश्काशचे चार, डी स्टेफानोचे तीन. सव्वा लाखाहून जास्त माणसं. याच फ्रँकफर्टने उपांत्य फेरीत रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून बारा गोल मारले होते. ज्यांनी आपल्या संघाची अशी दैना केली त्यांना कुणी सात गोल मारू शकतं, हे बघून तेव्हाची पोरं वेडी झाली. आमच्यातले एक जण त्या संध्याकाळी तिथे होते, अकरा वर्षांचे. त्यांना गोल फारसे आठवत नाहीत. त्यांना आठवतो तो पांढरा रंग, संध्याकाळच्या उजेडातले रिआलचे पांढरेशुभ्र कपडे. आणि सामना संपल्यावर घरी जायला कुणी हललंच नाही, हे.

पोरं आत कशी जायची, हा विषय निघाला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. तिकिटाला पैसे नसायचे. लोखंडी फिरत्या फाटकापाशी उभं राहायचं आणि येणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाला म्हणायचं, ‘काका, उचलून घ्या की.’ तो काखेत धरून फाटकावरून पलीकडे ठेवायचा आणि पैसे न घेता सोडायचं ही फाटकवाल्याचीही रीत होती. आत गेल्यावर गर्दीत दिसेना, तर माणसं डोक्यांवरून हातोहात पोराला पुढच्या रांगेपर्यंत पोचवायची. मी वर्षभरात ऐकलेल्या आठवणींत सामन्यांचे निकाल थोडे आणि असे हात जास्त आहेत. वडिलांचा कोट, त्याच्या खिशातला पाइप, मध्यंतरातला गरम बोव्ह्रिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचं पेय, आणि मटण भरलेली ‘पाय’ नावाची कचोरीसारखी वस्तू, तिच्यातून मनगटावर ओघळणारी चरबी. परत येताना ट्रॅमच्या पायरीवर लोंबकळणं. संध्याकाळी सहा-साडेसहाला गुलाबी कागदावरचा ‘टाइम्स’ आणि हिरव्या कागदावरचा ‘सिटिझन’ विकणारी पोरं. त्यात दुपारच्या सामन्याचं वर्णन छापून आलेलं असायचं, घरी पोचायच्या आत.

एक विषय आम्ही आपणहून काढत नाही. २ जानेवारी १९७१, आयब्रॉक्स. रेंजर्स-सेल्टिक सामना संपून लोक बाहेर पडत असताना तेरा नंबरच्या जिन्यावर कुणीतरी पडलं, मागून लोंढा आला आणि ६६ माणसं चेंगरून, गुदमरून गेली. त्यात फाइफमधल्या मार्किंच या एकाच गावची पाच पोरं होती, एकमेकांचे मित्र. शेवटच्या मिनिटाला रेंजर्सने बरोबरी केली तेव्हा बाहेर पडलेले लोक मागे फिरले आणि टक्कर झाली, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. चौकशीत ते खरं नसल्याचं निघालं, सगळे एकाच दिशेने उतरत होते. आमच्यातल्या एकांनी एकदा, काहीही संबंध नसताना, दुसऱ्याच कुठल्या जिन्याचा फोटो बघून सांगायला सुरुवात केली. ते रेंजर्सचे. त्या दिवशी थोरला भाऊ म्हणाला म्हणून दुसऱ्या बाजूने उतरले. रात्री घरी पोचले तेव्हा आई रस्त्यावर उभी होती, गल्लीतल्या सगळ्या आया उभ्या होत्या, कुणाकडे फोन नव्हता. हे सांगत असताना त्यांच्या शेजारी बसलेले सेल्टिकवाले उठले, त्यांच्या कपात साखर घालून ढवळून कप त्यांच्या हातात दिला. आम्ही दुसरं कार्ड काढलं नाही. तो तास तसाच जाऊ दिला.

आता शेजारचे आजोबा. ते ना निळे ना हिरवे, ते पार्टिक थिसल या क्लबचे. थिसलचा चाहता म्हणजे हरायची सवय असलेला माणूस, असं ते स्वतःच म्हणायचे. पण २३ ऑक्टोबर १९७१ त्यांचा. लीग कपचा अंतिम सामना, हॅम्पडेन, समोर प्रशिक्षक जॉक स्टीनचा सेल्टिक. थिसल त्याच वर्षी दुसऱ्या विभागातून वर आलेला. ३७ व्या मिनिटाला ४-०. सेल्टिकसाठी डाल्ग्लिशने एक परत केला, निकाल ४-१. मी तो फोटो पुढे ठेवला आणि म्हणाले, ‘शर्ट छान दिसतात यांचे.’ आजोबा फोटोकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात, न थांबता: ‘रफ, हॅन्सन, फोर्साइथ, ग्लॅव्हिन, कॅम्पबेल, स्ट्रॉन, मॅकक्वेड, कूल्स्टन, बोन, रे, लॉरी.’ पत्रिकेत छापायचे त्याच क्रमाने, आधी गोलकीपर, मग मागून पुढे दोन-तीन-पाच. त्या सकाळी त्यांना नाश्ता केल्याचं आठवत नव्हतं. आजींनी माझा दंड घट्ट धरला.

मग ते सांगू लागले की ते आणि त्यांचा भाऊ कुठे उभे होते, चौथा गोल झाल्यावर भावाने टोपी कशी भिरकावली, ती कशी मिळालीच नाही. आजींनी मला गाडीत सांगितलं, ‘हा तिथे नव्हताच. माझ्या बहिणीचं लग्न होतं त्या दिवशी मदरवेलला. चर्चच्या मागे ट्रान्झिस्टर कानाला लावून बसला होता. भाऊ गेला होता सामन्याला.’ तो भाऊ पुढे कॅनडाला गेला आणि तिकडेच वारला.

याबद्दल माझं मत मी इथे स्पष्ट सांगते. गटात कुणाचं चूक दुरुस्त करायचं नाही, हा नियम शंभर टक्के बरोबर आहे. आजोबा भावाबरोबर उभे आहेत, तर त्यांना तिथे उभं राहू द्यायचं. पण आमच्याकडे ऐकलेल्या आठवणी मी वहीत उतरवून ठेवते, आणि तिथे मी दोन्ही लिहिते: काय सांगितलं ते, आणि घरच्यांनी काय सांगितलं ते. कारण उद्या कुणी या शहराचा फुटबॉल शोधायला निघालं तर त्याला चर्चमागचा ट्रान्झिस्टरही हवा. तीही त्या सामन्याचीच गोष्ट आहे.

बायकांकडे कुणी फारसं विचारत नाही, आणि तिथे खजिना असतो. शनिवारी पाच वाजता रेडिओवर निकाल वाचले जायचे तेव्हा पूल्सचं, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर लावायच्या पैजेचं, कुपन घेऊन पेन्सिलने खुणा करायचं काम बहुतेक घरांत त्यांच्याकडे असायचं. १९७४पासून हे निकाल जेम्स अलेक्झांडर गॉर्डन वाचायचे. दुसऱ्या संघाचं नाव ज्या सुरात घेतलं त्यावरूनच, आकडा यायच्या आत, तो जिंकला की हरला ते कळायचं. एकदा मी निकालांचा कागद आजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तोच सूर लावला. ‘कौडनबीथ… स्टेनहाउसम्युअर… क्वीन ऑफ द साउथ…’ आणि आकडा म्हणायच्या आत सगळी म्हातारी मंडळी तो ओरडून सांगू लागली. आता ते आमच्याकडे दर वेळी होतं.

हवा चांगली असली की गटाला घेऊन कॅथकिन पार्कला जातो. हॅम्पडेनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर थर्ड लॅनार्कचं हे मैदान. १८७२ साली स्थापन झालेला क्लब, १९०४चा लीग विजेता, दोनदा स्कॉटिश कप जिंकलेला. १९६०-६१च्या हंगामात त्यांनी लीगमध्ये शंभर गोल केले, तिसरे आले. आणि १९६७ साली क्लब बंद पडला, पैशांच्या गैरकारभाराने. मैदान सार्वजनिक बाग झालं. चढत्या पायऱ्या, लोखंडी कठडे अजून आहेत, मधून झाडं वाढलीत. थर्ड लॅनार्कचे एक चाहते आमच्यात आहेत. वाचनालयात ते सहसा दोन-तीन शब्दांपलीकडे जात नाहीत. तिथे गेल्यावर मात्र माझा हात सोडून सरळ वर चढले आणि एका ठरावीक कठड्याला कोपरं टेकून उभे राहिले. बराच वेळ मैदान न्याहाळलं. मग मला म्हणाले, ‘इथून ऑफसाइड दिसत नाही. पण इथे वारा लागत नाही.’

माझ्याकडून मी पेटीत एक कार्ड घातलंय. १९३६ साली कोलकात्याचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोन सामने खेळला, बुटांशिवाय, पायांना पट्ट्या बांधून. प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी वाकून त्याच्या पायांना पट्टी बांधतोय, असा तो फोटो. बहुतेकांना हे माहीत नव्हतं. ते मला विचारतात, मी सांगते. १९११ साली मोहन बागानने, एक जण सोडून सगळ्यांनी अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ कसं हरवलं, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारी किती तापतात तेही. त्या दिवशी ऐकणारे ते असतात, बोलणारी मी. त्यांना हेही फार आवडतं, हे माझ्या लक्षात आलंय. सतत मदत घेणाऱ्या माणसाला कधीतरी यजमान व्हायचं असतं.

सगळे गुरुवार चांगले जातात असं नाही. कुणी पूर्ण वेळ डोळे मिटून बसतं. कुणी अचानक घाबरतं, घरी जायचं म्हणतं. एखादी खुर्ची एका आठवड्यात रिकामी होते. आजोबांचंही आता नावांच्या यादीत मध्येच अडतं, मॅकक्वेडच्या पुढे. तेव्हा टेबलावरचं कुणीतरी ‘कूल्स्टन’ म्हणतं आणि ते पुढे जातात. आजार हटत नाही, हे मी घरच्यांना आधीच सांगते. पण गुरुवारी संध्याकाळी आजोबा जेवताना बोलतात, आणि आजींच्या दृष्टीने तेवढं पुष्कळ असतं.

पेटी मात्र सतत बदलावी लागते. पन्नासच्या दशकातली कार्डं आता कमी लागतात. आता येणाऱ्यांचं तारुण्य म्हणजे १९७८चं अर्जेंटिना, स्कॉटलंडचा तो विश्वचषक: पेरूकडून ३-१ हार, इराणशी बरोबरी, आणि मग हॉलंडविरुद्ध आर्ची गेमिलचा तो गोल, जिंकूनही बाहेर. किंवा ११ मे १९८३चं गोथेनबर्ग, पावसात ॲबर्डीनने कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रिआल माद्रिदला जादा वेळेत २-१ हरवलं ते. गेल्या महिन्यात ॲबर्डीनचे एक गृहस्थ आले, साठी नुकतीच ओलांडलेले, गटात सगळ्यात तरुण. बायको म्हणाली, चाहत्यांना घेऊन ‘सेंट क्लेअर’ बोट गेली होती, तिच्यातून हे गेले होते. मी गोथेनबर्गचं कार्ड काढलं आणि मुद्दाम त्याच्या शेजारी १९६०चंही ठेवलं, कारण त्या रात्री रिआलचा प्रशिक्षक होता डी स्टेफानो, हॅम्पडेनवर तीन गोल मारलेला तोच. १९६०ला अकरा वर्षांचे असलेले आमचे ते गृहस्थ खुर्ची ओढून जवळ आले. ॲबर्डीनवाल्यांनी उठून, टेबल धरून, जॉन हुइटने डोक्याने मारलेला गोल सगळ्यांना करून दाखवला, मॅकगीचा क्रॉस कुठून आला ते बशीने दाखवलं. ‘हा इथे,’ ते म्हणाले, ‘आणि मी त्याच्या बरोबर मागे, भिजून चिंब.’ पुढच्या गुरुवारी ते स्वतःचा मफलर आणणार आहेत.